स्मार्ट टीव्ही की साधा एलईडी आणि स्टिक? कोकणातल्या घरासाठी

बजेट साधारण दहा ते पंधरा हजार, संच ३२ इंची, घर गुहागर-मालवण पट्ट्यातलं, कौलारू किंवा स्लॅबचं. अशा घरासाठी दुकानात दोन पर्याय समोर येतात. एक, सगळी ॲप आतच असलेला स्मार्ट टीव्ही. दुसरा, साधा एलईडी टीव्ही आणि त्याच्या एचडीएमआयला, म्हणजे चित्र-आवाजाची वायर लावायच्या जागेला, लावलेली ॲपवाली छोटी स्टिक. या किमतीत चित्राच्या बाबतीत दोघांत फारसं डावंउजवं नसतं, त्यामुळे रिझोल्यूशन आणि वॉटचे तक्ते बाजूला ठेवलेले बरे. माझ्या मते खरा फरक एकाच ठिकाणी कळतो: लाईट जाऊन परत आली की टीव्ही काय करतो.

दुकानात रिमोटचं बटण दाबलं की स्मार्ट टीव्ही तीन-चार सेकंदांत उजळतो, आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तो बंद नव्हताच, स्टँडबायवर होता. खाली लाल दिवा पेटलेला आणि मेमरीत सगळं तयार. आता त्याचाच प्लग काढून परत लावायला सांगा. मग आतली सगळी यंत्रणा पहिल्यापासून उभी राहते: आधी कंपनीचं नाव, मग फिरणारे ठिपके, मग पोस्टरांनी भरलेलं होम पेज, मग वायफायचा शोध. १ जीबी रॅमच्या (चालू कामाच्या मेमरीच्या) स्वस्त संचाला यात चाळीस सेकंद ते मिनिटभर सहज जातं. होम पेज दिसलं तरी पुढचे काही सेकंद तो रिमोटला दाद देत नाही. आपण वैतागून चार वेळा बटण दाबतो, ती चारही दाबणी तो नंतर एकदम ऐकतो, आणि भलतंच ॲप उघडून बसतं.

शहरात हे महिन्यातून एकदा होत असेल, तर सोडून देता येतं. आपल्याकडे मृगापासून परतीच्या पावसापर्यंत एखाद्या फांदीचा तारेला धक्का लागला की लाईट जाते, पाच मिनिटांत येते, परत जाते. शिवाय लाईट गेली नाही तरी प्लग काढावाच लागतो. मेअखेरचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे आपल्याकडे विजांचे दिवस. तेव्हा बोर्डावरचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतं, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या फटीने. प्लग भिंतीतून बाहेर हवा आणि डिशची केबलही बॉक्सच्या मागून फिरवून सोडवलेली हवी. विजेचा झटका बऱ्याचदा छपरावरच्या डिशच्या केबलमधून सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीत येतो; टीव्हीचा प्लग काढलेला असूनही एचडीएमआय पोर्ट मेलेला सापडतो, तो यामुळे. म्हणजे कोकणात जो माणूस नीट काळजी घेतो, त्याच्या वाट्याला ती मिनिटभराची वाट रोज येते.

साधा एलईडी टीव्ही प्लग लावल्यावर पाच-सहा सेकंदांत चित्र दाखवायला तयार असतो, आणि शेवटचा इनपुट लक्षात ठेवतो. एचडीएमआय १ वर होता, तर एचडीएमआय १ वरच उघडतो. सेटटॉप बॉक्सला सुरू व्हायला स्वतःचा वेळ लागतो, हे खरं; पैसे भरायच्या एचडी बॉक्सना अर्धा मिनिटही लागतो, डीडी फ्री डिशचे साधे बॉक्स त्यामानाने लवकर उठतात. हा वेळ दोन्ही पर्यायांत सारखाच. पण साध्या टीव्हीसमोर नुसतं बसून राहिलं तरी मालिका बहुधा आपोआप येते. स्मार्ट टीव्हीत कोणीतरी उठून होम पेजवरून इनपुटपर्यंत जावं लागतं. आजी घरात एकटी असेल आणि साडेसातला लाईट जाऊन परत आली असेल, तर तिच्यासमोर पंधरा पोस्टरं असतात आणि तिची मालिका त्यातल्या एकातही नसते. मग शेजारच्या मुलाला हाक.

काही स्मार्ट संचांत ‘सुरू होताना शेवटचा इनपुट’ अशी सोय असते. सेटिंग्जमध्ये पॉवर किंवा इनपुटच्या खाली शोधावी. ती सापडली, तर माझा अर्धा आक्षेप गळून पडतो. गूगल टीव्हीच्या संचांत पहिल्यांदा मांडणी करताना ‘बेसिक टीव्ही’ असा पर्यायही येतो. तो निवडला की ॲपची गर्दी राहत नाही आणि टीव्ही बराचसा साध्यासारखा वागतो. घेण्याआधी दोन्ही गोष्टी दुकानातच, त्याच मॉडेलवर उघडून बघाव्यात. विक्रेत्याच्या ‘असेल की’वर जाऊ नये.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. इन्व्हर्टरच्या मागे साधारण दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये तो झटकन बॅटरीवर जातो आणि टीव्ही बंद पडत नाही. पण या मोडला येणारा व्होल्टेज साधारण १८० ते २६० व्होल्टमध्येच लागतो. ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज १७० वर घसरतो, मग इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर चालत राहतो आणि रात्री खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी संपलेली असते. म्हणून बहुतेक लोक दुसरा, रुंद व्होल्टेजचा मोड लावतात. त्यात बदल व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या क्षणात स्वस्त स्मार्ट टीव्ही परत पहिल्यापासून सुरू होतो. पंखा नुसता जरासा मंदावतो. टीव्ही मात्र मिनिटभर गेला. वीज कमी होणं एक वेळ परवडलं. खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला, तर २३० व्होल्टचे ३०० च्या वर जातात. त्यासाठी हाय व्होल्टेजला तोडणारा आणि लाईट आल्यावर थोडं थांबून सोडणारा स्टॅबिलायझर दोन्ही पर्यायांना हवाच.

आता साध्या टीव्हीबरोबरच्या स्टिकच्या कुरबुरी, कारण त्याही आहेत. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देणं. जुन्या पद्धतीचा तो पोर्ट ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर देतो, स्टिकला साधारण एक लागतो. सुरुवातीला चालते, मग व्हिडिओ ऐन रंगात आला की अचानक बंद होऊन परत सुरू होते, आणि लोक म्हणतात स्टिक खराब निघाली. तिच्याबरोबर आलेला ॲडॅप्टरच वापरावा. दुसरी कुरबूर जास्त फसवी: लाईट आल्यावर स्टिकही जागी होते आणि एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय) चालू असेल, तर टीव्हीला स्वतःच्या इनपुटवर ओढून नेते. मग साध्या टीव्हीचा सगळा फायदाच गेला. स्टिकच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सीईसी बंद करावं. त्याहून सोपं म्हणजे स्टिकचा ॲडॅप्टर वेगळ्या बटणावर घ्यावा आणि पिक्चर बघायचा असेल तेव्हाच ते बटण लावावं. स्टिक थेट पोर्टमध्ये न खोचता सोबतच्या छोट्या एक्स्टेंडर वायरीने लावली, तर टीव्हीच्या पाठीच्या गरम हवेतून बाहेर राहते. रिमोट दोन होतात, तिसरा डिशचा. याला इलाज नाही.

वायफायच्या बाबतीत चिऱ्याच्या भिंती दोघांनाही त्रास देतात. ओटीवरचा राउटर आणि माजघरातला टीव्ही यांच्यात जांभ्याची एक जाड भिंत आली की ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लंगडतं, २.४ वर कसंबसं चालतं. इथे स्मार्ट टीव्हीचं पारडं जड: त्याला बहुधा लॅनची, म्हणजे नेटची वायर थेट लावायची, जागा असते, स्टिकला ती वेगळी विकत घ्यावी लागते. मात्र वीज चमकायला लागली की प्लगबरोबर तीही वायर काढायला विसरू नये.

स्मार्ट टीव्ही कोणी घ्यावा? चिपळूण-रत्नागिरीत फ्लॅट आहे, लाईट फारशी जात नाही, डिश काढून टाकली आहे आणि बघायचं ते सगळं फायबरवर, अशांनी बिनधास्त घ्यावा. एक रिमोट, एक प्लग, भिंतीवर लोंबणाऱ्या वायरी नाहीत. ४३ इंची हवा असेल तर तसाही पर्याय उरत नाही, त्या आकारात साधा संच आता शोधून सापडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या संचांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे मोठा संच घेणारेही वाढलेत. फक्त रॅम २ जीबीच्या खाली घेऊ नये आणि वर सांगितलेली इनपुटची सोय पाहून घ्यावी.

गावच्या घराला मात्र माझं मन साध्याकडे झुकतं. आमच्याकडे तोच लागला आहे. यामागे दुरुस्तीचंही कारण आहे. स्वस्त स्मार्ट टीव्हीतली ॲप काही वर्षांत अपडेट घेणं सोडतात, ८ जीबी जागा भरून जाते, आणि चांगल्या चित्राचा टीव्ही निव्वळ ॲपपायी जुना ठरतो. स्टिक जुनी झाली, तर तीन-पाच हजारांत नवी येते, टीव्ही तोच राहतो. साध्या संचाचा मुख्य बोर्ड गेला, तर तालुक्याच्या गावचा मेकॅनिक युनिव्हर्सल, म्हणजे बऱ्याच संचांना चालणारा, बोर्ड टाकून तो चालू करून देतो. स्मार्टचा बोर्ड त्याच मॉडेलचा लागतो, तो मागवावा लागतो, आणि ऑनलाइन ब्रँडचा तंत्रज्ञ घाट उतरून कधी येईल याचा नेम नसतो.

निवडताना चित्राची एकच परीक्षा पुरे: समोरून बघून झालं की बाजूला, खिडकीपाशी जाऊन उभं राहावं. काळा रंग राखाडी आणि चेहरे फिके दिसले, तर गणपतीत भिंतीच्या कडेला बसणाऱ्यांना तेच दिसणार. आवाजाचीही अपेक्षा बेताची ठेवावी. आठ-दहा वॉटचे स्पीकर पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की ऐकूच येत नाहीत, तेव्हा बाहेरच्या स्पीकरसाठी ऑडिओ आउट आहे का ते पाहावं.

चिऱ्यात भिंतीवर टांगताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडावं. हॅमरने जांभा आतून ढासळतो, भोक रुंद होतं आणि प्लास्टिकचा गट्टू हाताने फिरतो. भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्यावं, सांध्यात नको. गट्टू लांब, १० मिलिमीटरचा. तरीही सैल वाटला, तर सिमेंट भरून दोन दिवस सुकू द्यावं आणि मगच वजन टाकावं.

घर शिमग्यापासून गणपतीपर्यंत बंद राहणार असेल, तर टीव्हीवर प्लास्टिक घालू नये, आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. जुनं सुती लुगडं उत्तम. मागच्या सगळ्या पोर्टना कागदी चिकटपट्टी लावावी, कारण कुंभारीण माशीला एचडीएमआयची भोकं फार आवडतात. ती तिथे मातीचं घर करते आणि आल्यावर घाईत वायर खुपसली, की ती माती आत दाबली जाऊन पिना वाकतात. माती आढळली, तर लाकडी टूथपिकने कोरडीच, हळूहळू काढावी. मग दारं उघडून, पंखा लावून संच दोन-तीन तास तसाच ठेवावा, आणि त्यानंतरच प्लग लावावा.