घरी पिस्तूल येत असेल तर लॉकर घ्याच, पण भिंतीला बोल्ट मारून

⭐⭐⭐⭐ (४/५)

मिस्टर पीएसआय आहेत, कोकणात क्वार्टरमध्ये राहतो, घरात ६ आणि ११ वर्षांची दोन पोरं. ड्युटी संपली की हत्यार दरवेळी शस्त्रागारात जमा होतंच असं नाही, गणपतीच्या बंदोबस्तावरून हे रात्री तीनला येतात आणि सकाळी सातला परत हजर, मग ९ एमएम पिस्तूल घरीच येतं. आधी ते लोखंडी कपाटावर बॅगांच्या मागे ठेवायचे. एक दिवस धाकटा शेजारच्या पोराला सांगत होता, "बाबांची गन वर आहे, स्टुलावर चढलं की हात पोचतो." माझे हातपायच गार पडले. त्याच आठवड्यात हा डिजिटल लॉकर मागवला, आता आठ महिने झाले.

पत्रा जाड आहे, दार हलत नाही. मागे आणि तळाला बोल्टची भोकं आहेत, ते बोल्ट मारलेच पाहिजेत नाहीतर चोर अख्खी पेटी उचलून नेईल. माझा भाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्याने सांगितलेलं, २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी रेंजरचं पिस्तूल गाडीतल्या बॅगेत होतं, काच फोडून चोरलं आणि चारच दिवसांत त्याच पिस्तुलाच्या गोळीने वडिलांसोबत धक्क्यावर फिरणारी ३२ वर्षांची मुलगी गेली. २०१७ पासून तिथे कायदाच आहे, पोलीस असला तरी गाडीत पिस्तूल सोडायचं तर पेटीत नाहीतर डिकीत कुलूपबंद. आपल्याकडे ड्युटीच्या हत्याराला पोलिसाला लायसन लागत नाही, आर्म्स ॲक्टचं कलम ४५ आहे त्यासाठी, पण घरात ते कुठे पडलंय हे त्यानेच बघायचं ना, दुसरं कोण बघणार!

आता तक्रारी. प्रत्येक बटणाला मोठ्ठा बीप वाजतो, आणि पोरं बघत असतात हो! तिसऱ्याच दिवशी धाकटा म्हणाला, "आई, तुझा बड्डे आहे ना कोड?" लगेच बदलला, आता कोड फक्त ह्यांनाच माहीत, मलासुद्धा नको म्हटलं. इमर्जन्सी चावीचं भोक समोरच आहे, वरचं प्लास्टिकचं झाकण नखाने निघतं, म्हणून एक तारा कापला. एक चावी ह्यांच्या जुडग्यात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, घरात एकही नाही. आतलं फेल्ट पावसाळ्यात दमट होतं, सिलिका जेलच्या पुड्या टाका नाहीतर गंज धरतो. चार पेन्सिल सेल लागतात, अजून पहिलेच चालू आहेत.

आतला कप्पा एकच आहे, गोळ्या वेगळ्या ठेवायला जागा नाही. म्हणून हे आल्यावर मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढतात, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघतात, बोट घालून पण बघतात, मग रिकामं पिस्तूल लॉकरमध्ये आणि राउंड (गोळ्या) मोजून कपाटाच्या कुलपाच्या खणात. कितीही दमलेले असोत, आधी हे आणि मग बूट काढणं.