मॅगपायच्या हंगामात सायकल: रस्ता बदलावा, उतरून चालावं, की हेल्मेटला केबल टाय लावावेत?

आपल्याकडे गणपतीची धामधूम असते त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात वसंत सुरू होतो, आणि घरट्याजवळून जाणाऱ्या सायकलवाल्यांवर मॅगपाय झडप घालू लागतो. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, कॅनबेरा, पर्थ, कुठेही राहत असाल तरी ऑगस्ट ते ऑक्टोबर हे दिवस चुकत नाहीत. नव्याने आलेली आपली माणसं विचारतात, "मग सायकल बंदच ठेवायची का?" मुळीच नको. पण कुठला उपाय निवडायचा हे ठरवण्याआधी पक्षी नीट समजून घ्यायला हवा.

हा काळापांढरा पक्षी कावळ्याच्या कुळातला नाही; युरोपातून आलेल्यांनी रंगावरून त्याला त्यांच्या युरोपातल्या पक्ष्याचं नाव दिलं. मादी तीनेक आठवडे अंडी उबवते, मग पिल्लं घरटं सोडेपर्यंत आणखी महिनाभर जातो. तेवढ्या काळात राखण करतो तो नर. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या डॅरिल जोन्स यांनी या पक्ष्यांचा दीर्घ अभ्यास केला आहे. माणसांवर झडप घालणारे नर दहात एखादाच, आणि त्यांच्यातही आवडीनिवडी असतात: कुणी फक्त सायकलवाल्यांच्या मागे लागतो, कुणी फक्त पायी चालणाऱ्यांच्या, कुणी टपाल वाटणाऱ्यांच्या. शिवाय मॅगपाय वर्षानुवर्षं एकाच हद्दीत राहतो आणि माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो. म्हणून रोजच्या रस्त्यावरचा मॅगपाय आणि एखाद्या रविवारी लांबच्या फेरीत भेटलेला मॅगपाय यांना एकच उपाय लावून चालत नाही.

रस्ता बदलणं हा सगळ्यात साधा मार्ग. नर घरट्यापासून साधारण शंभर-दीडशे मीटरच्या टापूतच झडप घालतो, त्यामुळे पुष्कळदा पुढच्या गल्लीतून गेलं तरी पुरतं. 'मॅगपाय अलर्ट' या संकेतस्थळावर 2013 पासून लोक आपापल्या भागातल्या जागा नोंदवत आले आहेत; हंगामाच्या सुरुवातीला तिथे एकदा नजर टाकावी. मुलं सोबत असतील, मागे बाळाची सीट असेल किंवा आईवडील भारतातून आलेले असतील, तर दुसरा विचारच करू नका. फक्त एक बघा: सायकल ट्रॅक सोडून भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर जायचं असेल, तर तो बदल तोट्याचा आहे. चोचीपेक्षा ट्रक वाईट.

दुसरा रस्ताच नसेल तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला. माझं मत ठामपणे याच बाजूला आहे, आणि बहुतेक लोक नेमका हाच उपाय सोडून बाकी सगळं करून पाहतात याचं मला वाईट वाटतं. जो नर सायकलवर चिडतो, तो पायी माणसाला बऱ्याचदा काहीच करत नाही. पण त्याहून मोठं कारण पडण्याचं आहे. झडप मागून येते, पंखांचा आवाज कानाशी येतो, माणूस दचकून हात हलवतो, मान वळवतो आणि हँडल सुटतं. सप्टेंबर 2019 मध्ये वोलोंगाँगजवळच्या वुनोना इथे 76 वर्षांचे एक गृहस्थ मॅगपायला चुकवायला वाट सोडून गेले, कुंपणाच्या खांबावर आदळले आणि डोक्याला मार लागून वारले. जमिनीवर उभ्या माणसाला ही भीती नाही. उतरल्यावर हेल्मेट काढू नका, गॉगल लावा, पक्ष्याकडे तोंड ठेवून शांतपणे पुढे व्हा. आपण बघतोय हे कळलं की तो सहसा जवळ येत नाही. त्या दोन-तीन मिनिटांची घाई कुणालाच नसते.

आता केबल टाय, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. हेल्मेटमधून साळिंदरासारखे उभे काढलेले हे टाय हंगामात सगळीकडे दिसतात. त्यांच्याकडून काय मिळतं हे नीट समजून घ्या: चोच डोक्यापासून थोडी लांब राहते. झडप थांबेलच असं नाही. पक्षी आला की तुम्ही तरीही दचकणार, आणि धोका दचकण्यातच आहे. ज्याला त्याच रस्त्याने वेगात जावंच लागतं आणि ज्याचा हात सायकलवर पक्का आहे, त्याने जरूर लावावेत. नवशिक्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. हेल्मेटच्या मागे रंगवलेल्या डोळ्यांवर माझा विश्वास त्याहून कमी. पायी माणसाला डोक्यामागे उलटा लावलेला गॉगल थोडाफार उपयोगी पडू शकतो, वेगात जाणाऱ्या सायकलवर मात्र चिडलेला नर त्याला फारसा भुलत नाही. सायकलच्या मागे उंच काठीवर झेंडा लावला तर पक्षी काही वेळा डोक्याऐवजी झेंड्याकडे वळतो. ते करून बघायला हरकत नाही. गॉगल मात्र कुठलाही उपाय निवडलात तरी हवाच, कारण दुखापतींमधली सगळ्यात गंभीर दुखापत डोळ्याची.

काहीजण पक्ष्याशी मैत्री करतात. घराच्या अंगणात येणारा मॅगपाय तुम्हाला ओळखू लागला तर तो तुम्हाला सोडून देतो, हे शक्य आहे, कारण चेहरा त्याच्या लक्षात राहतो. पण त्यासाठी खिमा घालू नका. नुसत्या खिम्यात कॅल्शियम कमी असतं आणि पिल्लांना ते बाधतं. ऑफिसच्या वाटेवरच्या अनोळखी नराला तर हा उपाय लागूच होत नाही.

नर खरोखर रक्त काढत असेल, तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला कळवा. बहुतेक ठिकाणी आधी सूचनेचा फलक लागतो. क्वीन्सलंडमध्ये फार आक्रमक नराला पकडून दूर नेऊन सोडण्याची पद्धतही आहे. जोन्स यांच्या अभ्यासात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथलीच आहे: नेलेल्या नराच्या जागी लवकरच दुसरा नर येतो आणि त्या पिल्लांना वाढवायला मदतही करतो. स्वतः दगड मारणं, घरटं पाडणं मात्र कायद्याने गुन्हा आहे. मॅगपाय संरक्षित पक्षी आहे. शिवाय दगड मारणारा चेहरा त्याच्या आठवणीत पक्का बसतो आणि पुढच्या वर्षीही त्रास तुम्हालाच होतो.

झडप घालणाऱ्या बाकी पक्ष्यांचं थोडक्यात. बुचरबर्ड आणि नॉइझी मायनर लहान आहेत, त्यांच्यासाठी हेल्मेट आणि गॉगल पुरतात. छोटा मॅगपाय-लार्क मात्र समोरूनही चेहऱ्यावर येतो, तिथे गॉगल विसरू नका. आणि मैदानांवर, रस्त्याकडेच्या गवतात दिसणारा मास्क्ड लॅपविंग, ज्याला इथले लोक प्लवर म्हणतात, तो आपल्या टिटवीच्याच जातकुळीतला. टिटवीसारखाच तो उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि कर्कश ओरडत अंगावर येतो. त्याच्या पंखांवरच्या काट्यात विष असतं असं लोक सांगतात. ते खोटं आहे, आणि तो बहुतेक वेळा धडकतही नाही. इथे रस्ता बदलायची गरज नसते. अंडी कुठे आहेत ते बघा, सायकल तेवढी बाजूने काढा, आणि चिखलात खेळायला निघालेल्या मुलांनाही ती जागा दाखवून ठेवा.