शाफ्ट की आउटड्राइव्ह : समुद्रातच उभ्या राहणाऱ्या 35 फुटी बोटीसाठी निवड

30 ते 40 फूट लांबीची, दोन डिझेल इंजिनांची आणि 25 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास पळणारी बोट घेणाऱ्याने इंजिनाच्या अश्वशक्तीआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, तो म्हणजे वापर नसलेल्या दिवसांत बोट पाण्यात राहणार की जमिनीवर. मुंबई बंदरात किंवा मांडव्याजवळ मुरिंगवर (तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधून) ती पावसाळा वगळता आठ महिने उभी राहणार असेल, तर माझे मत आउटड्राइव्हऐवजी स्पष्टपणे शाफ्टच्या बाजूने आहे.

आउटड्राइव्हमध्ये इंजिन अगदी मागच्या भिंतीला टेकून बसते आणि गिअर, पंखा (प्रोपेलर) व दिशा वळवण्याची सोय हे सर्व भिंतीबाहेर लोंबणाऱ्या एकाच पायात असते. व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये ही रचना बाजारात आणली आणि लहान वेगवान बोटींना तिने मोठा फायदा करून दिला, हे मान्य करायलाच हवे. शाफ्टच्या बोटीत इंजिन बरेच पुढे असते, पंखा फिरवणारा दांडा, म्हणजेच शाफ्ट, बुडातून तिरका बाहेर पडतो आणि सुकाणू वेगळे असते.

वेगात आउटड्राइव्ह सरस आहे. शाफ्ट 10 ते 12 अंशांनी कलला, तर केवळ दिशेमुळे वाया जाणारा जोर दोन टक्क्यांच्या आसपासच असतो. खरा तोटा पाण्यात उघड्या राहिलेल्या दांड्याचा, त्याला आधार देणाऱ्या ब्रॅकेटचा आणि सुकाणूचा अडथळा, तसेच पंख्यावर तिरके येणारे पाणी यांमुळे होतो. शिवाय आउटड्राइव्हचा कोन चालत्या बोटीत बदलून नाळ (बोटीचे पुढचे टोक) हवी तेवढी उचलता येते. तरीही 28 नॉटऐवजी 25 नॉटने 40 सागरी मैलांचा पल्ला गाठायचा असेल, तर फरक सुमारे 10 मिनिटांचा पडतो. डिझेल काहीसे जास्त लागते, हा खर्च मात्र दर फेरीला सोसावा लागतो.

खाऱ्या आणि उबदार पाण्यात या 10 मिनिटांची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. आउटड्राइव्हचे कवच सहसा अॅल्युमिनियमचे असते. त्यावर शिंपल्या धरू नयेत म्हणून बुडाला लावतात तो तांबेयुक्त रंग चालत नाही, कारण तांब्याच्या सान्निध्यात अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात झपाट्याने झिजते. रंग वेगळा लागतो, आणि अॅनोड (कवचाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) वेळेवर न बदलल्यास कवचालाच खड्डे पडतात. पाय पूर्ण वर उचलला, तरी बहुतेक बोटींत त्याचा बराच भाग पाण्यातच राहतो आणि त्यावर शिंपल्या धरतात. सर्वांत नाजूक भाग म्हणजे रबरी बेलोज, म्हणजे घड्यांची लवचीक नळी. त्यातून इंजिनाचा जोर पायाकडे नेणारा, वळू शकणारा सांधा (युनिव्हर्सल जॉइंट) जातो आणि बेलोज फाटला, तर बेअरिंग तर खराब होतेच, शिवाय पाणी बोटीतही शिरू शकते. बेलोज ठरावीक वर्षांनी बदलायचाच असतो आणि त्यासाठी बोट बाहेर काढून पाय उतरवावा लागतो.

शाफ्टला देखभाल लागत नाही असे नाही. दांडा बुडातून जातो तेथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडचे पॅकिंग आवळावे व बदलावे लागते, पाण्यानेच वंगण मिळणारे रबरी बेअरिंग झिजते, अॅनोड येथेही लागतात. (पॅकिंगऐवजी थेंब न गळणारे सील बसवले असेल, तर त्यातही बहुधा रबराचा बेलोज असतो, हे विसरू नये.) मात्र ही कामे आपल्या किनाऱ्याला परकी नाहीत. मुंबईच्या ससून डॉकपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंतचे ट्रॉलर शाफ्टवरच चालतात. त्यामुळे दांडा सरळ करणारा, ग्लँड भरणारा आणि पंख्याची पाती दुरुस्त करणारा कारागीर बंदरात सापडतो. आउटड्राइव्हचे गिअर उघडणारा जाणकार आणि त्याचे सुटे भाग यांची वाट पाहण्यात हंगामाचे आठवडे जाऊ शकतात.

जेट्टीला लागतानाही मला दोन शाफ्टची बोट अधिक भरवशाची वाटते. पंखे एकमेकांपासून दूर असल्याने एक इंजिन पुढे आणि दुसरे मागे टाकून ती जवळजवळ जागच्या जागी फिरते. आउटड्राइव्हला दिशा पंख्याच्या जोरातूनच मिळते; गिअर न्यूट्रलला आला की वारा बोट ढकलू लागतो. इंजिनाचे वजन मध्याकडे असल्याने समोरच्या लाटांतही शाफ्टची बोट सहसा कमी आपटते.

पण रेवदंड्यासारख्या खाडीत उधाणाच्या ओहोटीला शिरायचे असेल, तर पाय थोडा वर घेता येणे फार मोलाचे ठरते. जाळ्याचा दोर अडकला, तर आउटड्राइव्ह उचलून तो अनेकदा बोटीवरूनच कापता येतो. शाफ्टला पाणबुड्या लागतो. बोट ट्रेलरवर ठेवणाऱ्याने, किंवा ज्याला बोटीच्या मधल्या भागात मोठी केबिन हवी आहे त्यानेही आउटड्राइव्हच पाहावा.

जुनी शाफ्टची बोट पाहताना ती पाण्याबाहेर काढण्याचा आग्रह धरावा. दांडा हाताने वर-खाली हलवून बेअरिंगमधील ढिलेपणा तपासावा, पंखा फिरवून दांडा वाकडा नाही ना हे पाहावे आणि ब्रॅकेट बुडाला मिळतो तेथे बारीक भेगा शोधाव्यात, कारण तो एकदा जोरात आदळलेला असेल, तर त्याची खूण सर्वांत आधी तेथेच दिसते.