झाकण सोडून सगळं ठीक: रेकॉर्डर सात महिने वापरल्यावर

आधी झाकणाचं सांगतो, कारण बाकी कुणीच सांगत नाही. सगळे माइक, डेसिबल आणि 24 बिटवर बोलतात. या रेकॉर्डरच्या पाठीला दोन पेन्सिल सेलचं झाकण आहे, त्या झाकणाला नखाएवढी प्लास्टिकची खिट्टी आहे आणि ती चौथ्या महिन्यात तुटली. पडून नाही, आपटून नाही. सेल बदलताना, टक् करून.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे हे यंत्र आहे ते झाकणावरून ओळखतील.

जूनमध्ये घेतला, 9,400 रुपये, स्वतःच्या खिशातून. मी कराडजवळच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवतो. वर्गाला प्रकल्प दिला होता: चार गट, प्रत्येकाने तीन मिनिटांची गोष्ट सांगायची, पण एकही शब्द न बोलता. फक्त आवाजांवर. आमच्या पिढीने आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकल्यात, तेव्हा कल्पना काही माझी नवी नाही. फक्त संवाद काढून टाकले. आदल्या वर्षी हेच मोबाइलवर केलं होतं आणि हसं झालं होतं. मोबाइलला माणसाचं बोलणं तेवढं कळतं. पावसाला तो गोंगाट समजून दाबून टाकतो, शांतता झाली की स्वतःच आवाज वाढवतो आणि दार आपटलं की दबकतो. ऐकताना असं वाटायचं की दार आपटल्यावर पाऊसच दचकून थांबलाय. आवाजाची लेव्हल आपल्या हाताने लावता यावी, एवढ्यासाठी मी हे पैसे मोजले.

खिट्टी तुटल्यावर सर्व्हिस सेंटरला फोन केला. झाकण सुटं मिळत नाही, मागची पूर्ण बाजू बदलावी लागेल, 2,850 रुपये, जीएसटी वेगळा, कुरिअर दोन्ही बाजूंचं तुमचं. वॉरंटी? 'प्लास्टिकचे भाग वॉरंटीत येत नाहीत, सर.' मी म्हटलं, अहो, मग वॉरंटीत येतं काय, अख्खं यंत्र प्लास्टिकचंच आहे! त्यावर पलीकडे गाणं लागलं. तीन दिवसांत पाच फोन, दोन ईमेल. शेवटी भाजीच्या जुडीचं रबर काढलं, यंत्राला दोन वेढे मारले आणि कामाला लागलो.

पण रबराला आवाज असतो. हातात धरलं आणि बोट जरासं हललं की 'कुर्र'. पहाटेच्या शांततेचं छान रेकॉर्डिंग, लांब कुठेतरी कोंबडा, आणि मध्येच कुर्र. एका गटाच्या गोष्टीत मध्यरात्री कुणी नसलेल्या घरात असा कुर्र आला आणि पोरं म्हणाली, राहू दे सर, भारी वाटतंय. मला नाही वाटलं भारी. एवढ्या पैशांत भाजीचं रबर ऐकायचं?

(इथपर्यंत ऑक्टोबरात लिहून ठेवलं होतं, दोन तारे देऊन. पुढचं आता जानेवारीत लिहितोय.)

रबरामुळे यंत्र हातात धरणं बंद केलं. माझ्याकडच्या जुन्या कॅमेऱ्याचा तिपाया होता, त्याचा स्क्रू खाली बरोबर बसला. आणि काय सांगू, रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ झालं. म्हणजे आधीच्या चार महिन्यांत जी बारीक घरघर मी माइकच्या माथी मारत होतो ती आमच्याच बोटांची होती. हातात धरून रेकॉर्ड करू नये हे माहितीपुस्तिकेत दुसऱ्याच पानावर लिहिलंय. मी ती आता वाचली. अर्धा तारा परत.

दुसरा अर्धा तारा 'प्री-रेकॉर्ड'ला. यंत्र तयार ठेवलं की ते गुपचूप ऐकत राहतं आणि बटण दाबताच मागचे दोन सेकंदही फाइलीत घालतं. घेताना मला हा दिखाऊपणा वाटला होता. एका गटाची गोष्ट होती चुकलेल्या एसटीची: पहाटेचा गजर, स्टोव्ह, चपला, पाऊस, धावपळ, आणि गाडी जाते. त्यासाठी बेल हवी होती. स्टँडवर एका कंडक्टरांना विनंती केली. ते म्हणाले, 'किती येळा वाजवू, मास्तर? एकदा वाजवली तर गाडी थांबंल, दोनदा वाजवली तर सुटंल.' आम्ही ऐकत राहिलो आणि त्यांनी बोलता बोलता दोरी ओढलीसुद्धा. टण्-टण्. बटण दाबलं तेव्हा दुसरा ठोका विरत होता. एरवी गेलाच असता, पण फाइल उघडली तर दोन्ही ठोके साबूत.

सगळी गोष्ट त्या दोन ठोक्यांवर उभी राहिली. आधी लांबून एक ठोका, म्हणजे गाडी थांबली. मग चिखलातून धावणाऱ्या चपला. मग डबल बेल. डिसेंबरात वर्गात ऐकवलं तेव्हा डबल बेल वाजली आणि खिडकीजवळचा एक मुलगा मोठ्याने म्हणाला, 'गेली!' इंजिनाचा आवाज यायच्या आधी.

इंजिनाचीही एक फजिती आहे. वाऱ्याची घूं घूं कापायला मेनूत 'लो-कट' आहे, 80 हर्ट्झच्या खालचे, म्हणजे खर्जातले, आवाज गाळतं. ते चालूच राहिलं. घरी येऊन ऐकतो तर एसटी जाताना रिक्षा गेल्यासारखी वाटतेय. डिझेलची सगळी धडधड गाळणीत अडकलेली. पुन्हा स्टँडवर गेलो. वाऱ्यासाठी आता लो-कट नाही, माइकला लोकरीची कानटोपी घालतो. दुकानात त्याचं केसाळ टोपडं 1,200 रुपयांना आहे. कानटोपी घरातली, आणि झुळुकीला तेवढी पुरते.

पावसाने मात्र सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. जुलैत पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड केला, ऐकला, तर सरळ भजी तळल्यासारखा. ही चूक यंत्राची नाही. खऱ्या पावसाचा नुसता सरसर आवाज डोळ्यांशिवाय पाऊस वाटतच नाही. संगणकावर ऑडॅसिटी आहे, आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मराठी शाळेला तेच परवडतं. त्यात तीन ट्रॅक एकाखाली एक घेतले. तळाला लांबचा पाऊस, अगदी बारीक. त्यावर पागोळ्या, घमेल्यात पडणाऱ्या. सगळ्यात वर एकच थेंब, चार-पाच सेकंदांनी, पत्र्याच्या डब्यात. पागोळ्या आल्याबरोबर ऐकणारा आपोआप छपराखाली जाऊन उभा राहिला. मग पोरांनी गोष्टीतल्या बाईला छपराखालून बाहेर काढलं, म्हणजे काय केलं, तर पागोळ्या बंद केल्या आणि छत्रीवरची टपटप सुरू केली. ती टपटप म्हणजे माझी छत्री आणि मूठभर तांदूळ. हॉलीवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली हेच करायचे, त्यांच्या नावावरून या कामालाच 'फोली' म्हणतात. त्यांचे तांदूळ कुणी दिले माहीत नाही. माझे घरून गेले आणि त्यावर बोलणी बसली.

पोरांची सुरुवातीची खोड अशी की प्रत्येक आवाज पूर्ण जोरात. गजर, कुत्रं, स्टोव्ह, पाऊस, सगळे पुढच्या बाकावर. खिचडी. ऑडॅसिटीत हवा तिथे आवाज कमी-जास्त करायचं एन्व्हलप टूल आहे, त्याने बेलच्या आधी पाऊस खाली ओढायला शिकवला तेव्हा कुठे बेलला जागा मिळाली.

आणखी एक घोळ, तो पूर्णपणे आमचा. लॅबमधल्या संगणकावर ऑडॅसिटी 2021 च्या आधीची होती. त्यात प्रकल्पाची .एयूपी फाइल वेगळी आणि खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये. एका मुलीने पेनड्राइव्हवर नुसती फाइल आणली, इकडे लॅबचा संगणक फॉरमॅट झाला. मूळ रेकॉर्डिंग कार्डावर होती म्हणून निभावलं, पण दोन शनिवार गेले. नव्या आवृत्तीत सगळं एकाच .एयूपी3 फाइलीत राहतं.

बाकी किरकोळ. रेकॉर्डिंगचा दर्जा निवडताना 96 किलोहर्ट्झच्या नादी लागू नका, 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिटवर मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात, 32 जीबीच्या कार्डावर पन्नासेक तास मावतात. चार्जिंगचे सेल घातले तर मेनूत तसं सांगा, नाहीतर भरलेले सेलही संपत आलेत म्हणून दाखवतो. स्टिरिओ फार सुंदर आहे, एसटी डाव्या कानातून येते आणि उजव्यातून जाते. आमच्या शाळेत स्पीकर एकच आहे.

मंगळवारी सर्व्हिस सेंटरचा स्वतःहून फोन आला. झाकण आता सुटं मिळतं, 340 रुपये, कुरिअर 120. ऑक्टोबरात का नाही म्हणालात, असं विचारलं तर पुन्हा तेच गाणं. कुरिअर नको म्हणून कळवलंय. 14 तारखेला कोल्हापुरात लग्न आहे, तेव्हा तिथल्या सेंटरवरून हातोहात घेतो. तोवर तीन तारे, आणि रबर परवाच बदललंय, मेथीचं आहे.