अक्कलदाढांची शस्त्रक्रिया: घराजवळचा दवाखाना की रुग्णालयातील पूर्ण भूल?

खालच्या दोन्ही अक्कलदाढा हिरडीखाली आडव्या अडकल्या आहेत आणि त्या तुकडे करूनच काढाव्या लागतील, असे ओपीजीवर, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, बोट ठेवून एकदा सांगण्यात आले, की पुण्यात बहुतेकांपुढे दोन वाटा येतात. पहिली वाट घराजवळच्या दंतवैद्याच्या दवाखान्याची. तिथे ठरलेल्या दिवशी बाहेरून ओरल सर्जन येतात आणि तेवढ्या भागापुरती भूल देऊन एका वेळी एकाच बाजूची दाढ काढतात. दुसरी वाट मोठ्या रुग्णालयाची, म्हणजे सकाळी भरती, पूर्ण भूल आणि असतील तेवढ्या दाढा एकाच झोपेत बाहेर. मी पहिली वाट धरली आणि माझ्या धाकट्या भावाने दुसरी. त्याच्या शुश्रूषेचे काम बरेचसे माझ्याकडे आल्यामुळे दुसऱ्या वाटेबद्दलही मी केवळ ऐकीव बोलत नाही. दाढ काढायलाच हवी का, हा प्रश्न मात्र मी सुटलेला धरतो. त्रास न देणारी, निरोगी दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगून ठेवले आहे, आणि शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात संकोच बाळगू नये. पण हिरडी वारंवार सुजून तोंड उघडेनासे होत असेल, तर निवड या दोहोंतूनच करायची असते.

तयारीपासूनच दोन्ही वाटा वेगळ्या होतात. दवाखान्यात जाताना पोटभर जेवून जावे लागते, कारण उपाशीपोटी, घाबरलेल्या अवस्थेत भुलीचे इंजेक्शन घेतले की अनेकांना भोवळ येते. शिवाय पुढचे काही तास ओठ आणि जीभ बधीर राहणार असल्याने तेवढा वेळ जेवण टाळणेच योग्य असते. पूर्ण भुलीसाठी नेमके उलटे. घन आहार सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. यात पुणेकरांची गल्लत चहापाशी होते. दूध घातलेला चहा पाण्यात धरला जात नाही, तो जेवणाच्याच हिशेबात जातो, आणि ‘अर्धाच कप घेतला’ एवढ्या कारणावरूनही शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. त्याखेरीज रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, भूलतज्ज्ञांची आगाऊ भेट आणि सोबत एक जबाबदार माणूस हे सारे आलेच. रुग्णालयात भरती झालो म्हणजे मेडिक्लेम मिळेल, या आशेवर दुसरी वाट धरणारे बरेच दिसतात. बहुतेक पॉलिसींत दातांचे उपचार अपघाताखेरीज वगळलेले असतात, म्हणून भरतीची तारीख घेण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी उत्तर मिळवणे शहाणपणाचे.

वाट कोणतीही असो, काही गोष्टी न विचारताही सांगाव्यात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून काय ते ठरू द्यावे. मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा) रिपोर्ट सोबत न्यावा आणि शक्यतो सकाळची वेळ मागावी. घरातील ज्येष्ठांना हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडसारखे इंजेक्शन दिले असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण अशा औषधांनंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. हे इंजेक्शन हाडांच्या डॉक्टरांकडचे, त्याचा दाताशी काय संबंध, असे वाटून ते सांगायचे राहून जाते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या तासात रुग्णालयाचे पारडे जड आहे, हे मान्य करतो. खुर्चीत लिग्नोकेन आणि ॲड्रेनलिन यांचे भुलीचे इंजेक्शन दिल्यावर दुखणे थांबते, पण दाब जाणवायचा थांबत नाही आणि आवाजही ऐकू येतच राहतात. ‘काका, ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. दुखलंच तर डावा हात वर करा,’ असे सर्जननी मला सांगितले होते, आणि तो डावा हात मी सारा वेळ खुर्चीच्या दांडीवर तयारीत ठेवला होता. दाढेचे दोन तुकडे झाले, तेव्हा अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज कानाच्या आतून आला. दुखले अजिबात नाही, पण तो आवाज आवडण्यासारखा नाही. भावाला यातले काहीच कळले नाही. त्याला डोळे उघडल्यावर आठवत होते ते फक्त छतावरचे दिवे. पूर्ण भुलीच्या इतिहासात तर दंतवैद्यांचा वाटा मोठा आहे. १८४४ साली होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला आणि १८४६ साली बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला; दोघेही दंतवैद्य. म्हणून रुग्णालयाची वाट निवडणाऱ्याला भित्रा म्हणण्याचे कारण नाही. फक्त तोंडात काम करायचे असल्याने श्वासाची नळी बहुधा नाकातून घालतात आणि त्यामुळे नंतर घसा व नाक दुखते, हे आधी ठाऊक असलेले बरे.

खालच्या जबड्यातील संवेदना वाहणाऱ्या नसेला इजा होण्याचा धोका दोन्ही वाटांवर सारखाच. दाढेची मुळे नसेला टेकलेली दिसली, तर ओपीजीवर न थांबता सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करायला सांगतात आणि तो खर्च वाचवू नये. ओठ किंवा जीभ काही काळ बधीर राहिलीच, तर ते बहुतेकदा हळूहळू सुधारते. मात्र ते एका बाजूला होणे आणि एकाच वेळी दोन्ही बाजूंना होणे यात फरक आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

माझ्या दृष्टीने निर्णय झाला तो याहून फार साध्या गोष्टीवर, ती म्हणजे चावायला एकही बाजू न उरणे. ऐकताना हे क्षुल्लक वाटते. मऊ भात खाऊ, ताक पिऊ, आठवडा निघून जाईल, असेच भावालाही वाटले होते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना टाके, दोन्ही गालांना सूज, आणि तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढे उघडणारे. जेवणाचा चमचा आत जाईना, म्हणून आईने भाचीचा बाळपणीचा चमचा शोधून काढला. मुगाची खिचडी चाळणीतून गाळून, वर तूप घालून दिली, तरी एखादे शीत जिभेवरून घरंगळत मागे जाई आणि दाढ काढलेल्या डाव्या नाहीतर उजव्या खाचेपाशी जाऊन बसे. मग जेवण थांबवून कोमट मिठाच्या पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा, मान इकडून तिकडे कलती करायची आणि पाणी बेसिनमध्ये नुसते सांडू द्यायचे, कारण जोरात चूळ भरायला बंदी. चार घासांत दोनदा हा सोहळा. तिसऱ्या दिवशी तो ताटाकडे पाहूनच चिडू लागला, आणि पोटात पुरेसे अन्न नसताना दुखणे थांबवण्याच्या व प्रतिजैविकांच्या गोळ्या चालू राहिल्याने पित्त उसळले ते निराळेच. झोपतानाही कूस बदलायची सोय नाही. दोन उशांवर डोके ठेवून सरळ छताकडे पाहत पडायचे. शस्त्रक्रियेबद्दल त्याची आजही तक्रार नाही, पण त्या जेवणांबद्दल विचारले तर तो विषय बदलतो.

माझ्याकडे डावी बाजू शाबूत होती. पहिल्या दिवशी मीही गार ताक आणि दही-भातावरच होतो. दुसऱ्या दिवसापासून दुधात कुस्करलेली पोळी, मग वरणात भिजवलेली, मग शिजून मऊ झालेली दुधीची भाजी, असे डावीकडून डावीकडून चालू राहिले. गोळ्या भरल्या पोटी घेता आल्या. झोपताना डाव्या कुशीवर वळता येत होते. याला मोजमाप म्हणता येणार नाही आणि प्रत्येकाची दाढ वेगळी असते, हेही खरे. भावाच्या दाढा माझ्यापेक्षा खोल होत्या, तेव्हा सूज त्यामुळेही अधिक असेल. तरीसुद्धा या शस्त्रक्रियेत त्रास एका तासाचा आणि जेवणे आठवडाभराची, हा हिशेब कोणत्याच सल्लागाराने आम्हाला मांडून दाखवला नव्हता.

नंतरची पथ्ये दोन्हीकडे तीच आहेत, पण एका बाजूपुरती ती पाळणे सोपे जाते. दिलेला गॉज, म्हणजे जाळीदार कापडाचा बोळा, अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवायचा आणि रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी तो सारखा काढून पाहायचा नाही. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून वीस मिनिटे बर्फ, मग तेवढीच विश्रांती. पहिले चोवीस तास थुंकणे, खळखळून चूळ आणि स्ट्रॉ पूर्ण बंद, कारण खाचेत धरलेली रक्ताची गुठळी हेच तिथले नैसर्गिक ड्रेसिंग असते आणि ओढीने ती निघून येते. गार आणि मऊ म्हणून आइस्क्रीम घातलेली मस्तानी चालेल, असे अनेकजण समजतात. चमच्याने घेतली आणि त्यात सुकामेव्याचे तुकडे नसले तरच ती चालते. भडंग, बाकरवडी आणि तीळ लावलेले काहीही टाके निघेपर्यंत दूर ठेवावे. सिगारेट ओढणाऱ्याने या काळात ती सोडावीच, आणि मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक चालू असताना मद्य घेऊ नये. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, त्यामुळे आरशात पाहून तेव्हा घाबरू नये. उलट आधी कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक कानापर्यंत ठणकू लागले आणि नेहमीच्या गोळीला दाद देईना, तर गुठळी निघून गेलेली असण्याची शक्यता असते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. घरी लवंग दाबत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून खाच धुऊन औषधी ड्रेसिंग करून घेतले, तर बहुधा लवकर आराम पडतो.

इथे जवळच्या दवाखान्याचा आणखी एक फायदा लक्षात येतो. मला टाक्यापाशी काहीतरी टोचते आहे असे वाटले, तेव्हा मी चालत गेलो, दोन मिनिटांत तपासून घेतले आणि घरी आलो. भावाला तेवढ्याचसाठी पुन्हा ओपीडीचा कागद, पुन्हा रांग, आणि सुजलेल्या गालांनिशी रिक्षातून गतिरोधकांवरून जाणे आले. या तुलनेत खर्चही दवाखान्यात बराच कमी येतो. खर्चच आड येत असेल, तर धनकवडीचे भारती विद्यापीठ किंवा आझम कॅम्पसमधील रंगूनवाला यांसारख्या दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. तिथे बहुधा वेळ अधिक मोडतो.

पूर्ण भुलीची वाट ज्यांच्यासाठी खरोखर योग्य आहे, असे रुग्णही आहेत. दाढेभोवती मोठी गाठ असेल, दाढ जबड्यात फार खोल असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल, तोंडात आरसा गेला तरी उमासा येत असेल किंवा खुर्चीची भीतीच अनावर असेल, तर माझे मत बाजूला ठेवून सर्जनचे ऐकावे. थोड्या सुट्टीवर परदेशातून घरी आलेल्या मंडळींनाही दोन खेपा परवडत नाहीत. आणि एकेक बाजू करण्याचा खरा तोटा असा, की पहिली बाजू बरी झाल्यावर दुसरीसाठी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसायला मन तयार होत नाही. अनेकांची दुसरी दाढ या कारणानेच वर्षानुवर्षे तशीच राहते. मी दुसरीची तारीख पहिलीचे टाके काढतानाच घेऊन ठेवली होती, आणि तसेच करावे असे सुचवेन.

तारीख घेताना वारही पाहावा. नोकरदार माणूस शुक्रवार किंवा शनिवार मागतो, म्हणजे सुट्टीत आराम होईल. पण मग सुजेचा आणि रक्त येण्याचा काळ नेमका रविवारी येतो आणि त्या दिवशी दवाखाना बंद असतो. सोमवार किंवा मंगळवार घेतला, तर ड्राय सॉकेटची धास्ती असलेले दिवसही दवाखाना उघडा असताना निघून जातात. बाहेरून येणारे सर्जन फक्त शनिवारीच येत असतील, तर रविवारी फोन कोण उचलणार, हे भुलीचे इंजेक्शन घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. नंतर ओठ बधीर असतात.