चढायचे दोनशे, उतरायचे किती?

उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो. पाठीवरचा माणूस एकदम पुढे फेकला जातो. खोगिराची खुंटी घट्ट धरली नसेल, तर तो सरळ वाळूत पडेल. माझे बाबा ६९ वर्षांचे आहेत आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. त्या खुंटीला दोन्ही हातांनी लटकून ते "अगं, थांबव याला" असं ओरडत होते, आणि उंटवाला हसत मला सांगत होता, "नो प्रॉब्लेम, इंडिया, माय फ्रेंड." पुढच्या अर्ध्या तासात आमचे शंभर डॉलर गेले, म्हणजे जवळजवळ साडेआठ हजार रुपये. पैसे परत कमावता येतात. पण लहानपणी शाळेच्या पुस्तकात पिरॅमिडचं चित्र पाहिल्यापासून बाबांनी मनात जपलेला तो दिवस नासला, त्याचा राग मला आजही आहे. नोव्हेंबर २०२४ मधली ही गोष्ट. आपल्याकडून आता पुष्कळ लोक इजिप्तला जाऊ लागलेत, बरेचसे आईवडिलांना घेऊन, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सुरुवात टॅक्सीपासून झाली. कैरोमध्ये ॲपवरून गाडी मिळते, भाडं आधी दिसतं. तरीही हॉटेलच्या दारातच एक वयस्कर, सभ्य दिसणारा ड्रायव्हर उभा होता. त्याने बाबांना हात देऊन बसवलं आणि आम्ही बसलो. पिरॅमिड जिथे आहेत ते गिझा जवळ आल्यावर रस्त्यात एकाने बॉनेटवर थाप मारून गाडी थांबवली. "गेट बंद आहे, इथून पुढे घोडा किंवा उंटच न्यावा लागतो," असं म्हणाला. ड्रायव्हरनेही मान डोलावली. मी ऐकलं नाही, उतरून चालत गेले, तर गेट सताड उघडं. मला वाटलं, चला, एका फसवणुकीतून सुटलो. त्या समाधानात मी गाफील झाले.

आत शिरून पन्नास पावलं गेलो नाही, तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस समोर आला. "टिकेट, प्लीज." मी तिकिटं दिली. ती हातात घेऊन तो चालूच लागला आणि आम्ही त्याच्या मागे. लक्षात ठेवा, तिकीट एकदा गेटवर तपासतात आणि मग जिथे आत शिरायचं त्या वास्तूच्या दारावर. मधे मोकळ्या जागेत तिकीट मागणारा माणूस अधिकारी नसतो. तिकीट दाखवायचं ते स्वतःच्या हातात धरून, सोडायचं नाही.

त्याने आम्हाला थेट उंटापाशी नेलं. "राइड तिकिटातच आहे, फक्त जनावराच्या चाऱ्याचं काहीतरी द्या. टू हंड्रेड." "इंडिया? अमिताभ बच्चन!" असं उंटवाला म्हणाला आणि बाबा विरघळले. तिथे हिंदी सिनेमाचं प्रेम खरंच आहे, ते खोटं नव्हे. पण त्या प्रेमाच्या आडून पुढचं सगळं होतं. त्या वेळी एका डॉलरला साधारण ५० इजिप्शियन पौंड मिळत होते. दोनशे पौंड म्हणजे साडेतीनशे रुपयेही नाहीत. मी हो म्हटलं. कुठल्या चलनात, किती वेळाचे, हे मी विचारलं नाही.

मी पायी चालत होते. उंट झपाझप पुढे गेला आणि वाळूच्या उंचवट्यापलीकडे दिसेनासा झाला. घोट्यापर्यंत वाळू तुडवत पोचले, तेव्हा खुफूचा, म्हणजे सगळ्यात मोठा पिरॅमिड मागे राहिला होता आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. "टू हंड्रेड डॉलर," उंटवाला म्हणाला. मी पौंड पुढे केले. तो हसला, उंटाचा दोर हाताला गुंडाळला आणि खाली बसला. उंट मात्र उभाच. बाबा वर आठ फुटांवर, उन्हात. उडी मारणं शक्य नाही. "चढण्याचे दोनशे पौंड, उतरण्याचे वेगळे," हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं. बाबा वरून म्हणाले, "दे गं, देऊन टाक, चक्कर येतेय." शंभर डॉलरवर तो थांबला.

तेव्हा काय करायला हवं होतं, ते आता मला नीट माहीत आहे. तिथले पर्यटन पोलीस स्वतःही उंटावरून फिरतात. त्यांचा फोन नंबर १२६. फोन बाहेर काढून, उंटवाल्याचा फोटो घेऊन, मोठ्याने "टूरिस्ट पोलीस" म्हणायचं. या लोकांना गोंगाट नको असतो. आणि माणूस जमिनीवर उतरेपर्यंत एक पैसाही द्यायचा नाही. मी आधी पैसे दिले आणि नंतर तो "बक्षीश" म्हणून आणखी मागू लागला. शब्द आपल्या ओळखीचाच आहे, बक्षीस. पण तिथे तो देणाऱ्याच्या नव्हे, मागणाऱ्याच्या तोंडी असतो. "ला, शुक्रन", म्हणजे "नको, धन्यवाद", एवढंच म्हणावं आणि पाय थांबवू नयेत. आपण थांबून हसून उत्तर देतो, कारण आपल्याला तसंच वागायला शिकवलेलं असतं. तिथे तेच महागात पडतं.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "उंट कसा वाटला?"

आम्ही त्याला उंटाबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

तरीही त्याच गाडीने पुढे गेलो, ही माझी त्या दिवसाची सगळ्यात मोठी चूक. बाबा थकले होते, त्यांना फक्त एसी हवा होता. ड्रायव्हर म्हणाला, "पपायरस इन्स्टिट्यूट, सरकारी, पाच मिनिटं." पपायरस म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचा कागद. देठ सोलून पातळ पट्ट्या काढतात, भिजवतात, एकीवर दुसरी आडवी-उभी मांडतात आणि दाबून वाळवतात. ही विसरलेली कला १९६०च्या दशकात हसन रागाब या इजिप्शियन अभियंत्याने पुन्हा उभी केली. आता पिरॅमिडच्या रस्त्यावरची साधी दुकानंही स्वतःला इन्स्टिट्यूट म्हणवतात. दुकानातल्या मुलीने आमच्यासमोर खऱ्या देठाचं प्रात्यक्षिक दाखवलं, चहा दिला, प्रमाणपत्रही दिलं. आम्ही मृताचं हृदय तराजूत तोलतानाचं प्राचीन इजिप्शियन चित्र घेतलं. सांगलीला आल्यावर फ्रेमवाल्याने कोपरा जरा वाकवला, तर तो कडकन तुटला. केळीच्या पानाचा कागद, त्यावर छापील चित्र. खरा पपायरस वाकवला तरी सहज तुटत नाही आणि उजेडासमोर धरला की आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते. घ्यायचाच असेल तर तुमच्या हातात येणारा कागद उजेडात धरा. प्रात्यक्षिकातला कागद वेगळा असतो.

अंकांचंही सांगते, कारण इथे आपला मराठी डोळा फसतो. अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यांचा नऊ आपल्या एकसारखा दिसतो. फळवाल्याच्या पाटीवर बाबांनी दहा वाचले, ते होते पंधरा. नोटांच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतात, तीच बाजू बघा. ५० पौंडांची नोट असते तशी ५० पियास्टरचीही, म्हणजे अर्धा पौंड. सुट्टे घेताना पियास्टरची नोट हातात येऊ शकते आणि पौंडाची नोट दिली की "तुम्ही पियास्टरच दिलेत" असंही ऐकावं लागतं. नोट देताना आकडा मोठ्याने म्हणा.

गिझाला आता, २०२५ पासून, फायूम रस्त्याच्या बाजूने नवं प्रवेशद्वार झालंय आणि आत विजेच्या बस फिरतात. वडीलधाऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे. तिकिटाला कार्ड लागतं, रोख चालत नाही, त्यामुळे बाहेर रोखीत "तिकीट" देणारा कुणीही खोटा समजा.

लोक वाईट नाहीत, हेही मनापासून सांगते. ज्या कोशरीच्या दुकानात आम्ही रोज भात, मसूर, मॅकरोनी आणि वर तळलेला कांदा खायचो, तिथला मुलगा विसरलेले सुट्टे द्यायला रस्ता ओलांडून धावत आला होता. आम्हाला फसवलं ते आपणहून चालत आलेल्यांनी. आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी नाही.

पुढे लुक्सॉर शहरात नाईलवर फेलुकात, म्हणजे शिडाच्या होडीत, बसण्याआधी मी वहीचं पान फाडून लिहिलं: एक तास, दोन माणसं, इजिप्शियन पौंड, परत याच घाटावर, बक्षीस यातच. नावाड्याला दाखवलं. त्याने वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. तासाभराने त्याच पायऱ्यांशी होडी लावली, आधी बाबांचा हात धरून त्यांना उतरवलं आणि मगच पैशांसाठी हात पुढे केला. बाबांनी ठरलेल्यावर ५० पौंड जास्त दिले, मला न विचारता.