काटा बरोबर, किलोमीटर खोटे: स्पीडोमीटर 'सेट' करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

जुन्या जीपला मोठे टायर घालणाऱ्या आणि क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली, चाकं फिरवणारी गिअरची जोडी) बदलणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण वेग चुकीचा दाखवणारी गाडी घेऊन मी कुंभार्ली घाट उतरत होतो, मागे घरची माणसं बसलेली, आणि 'दुरुस्त झालंय' असं मला पैसे घेऊन सांगितलं गेलं होतं. याचा राग जास्त आहे.

आमची जीप महिंद्राची जुनी डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. कऱ्हाड-पाटण भागात शेतावर रोजचा वापर. हायवेला इंजिन फार ओरडायचं म्हणून पुढचा-मागचा दोन्ही क्राउन-पिनियन ५.३८ चे काढून ४.८८ चे बसवले आणि ६.००-१६ च्या जागी ७.००-१६ टायर घातले. हे दोन्ही बदल काट्याला एकाच दिशेने चुकवतात. या जीपची स्पीडोमीटर केबल चाकातून निघत नाही, ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून निघते. आधी चाकाच्या एका फेऱ्याला तिथून ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट ५.३८ वेळा फिरायचा, आता ४.८८ वेळाच फिरतो. त्यात चाकही मोठं. टायरवर खडूने खूण करून, गाडी ढकलून मोजलं तर जुना टायर एका फेऱ्यात २.२० मीटर जायचा, नवा २.३७ जातो. दोन्ही मिळून जवळजवळ १९ टक्क्यांचा फरक. म्हणजे काटा ६० वर असताना गाडी ७१ ने पळत होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हे ११ किलोमीटर फार असतात.

यावर खरा इलाज एकच: केबल फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे दात बदलायचे, आणि तेवढे दात मिळत नसतील तर केबलच्या मध्ये रेशो बॉक्स, म्हणजे फेऱ्यांचं प्रमाण बदलणारा छोटा गिअरचा डबा टाकायचा. क्राउनचं काम केलेल्या गॅरेजवाल्यानेच सांगितलं, "साहेब, कमी दातांचा गिअर मागवतो, मीटर एकदम ओके करून देतो." साडेसहा हजार घेतले. गाडी देताना जुना गिअर म्हणून प्लॅस्टिकचा एक गिअर पिशवीत घालून हातात दिला आणि शेजारी बसून फोनवर जीपीएसचा वेग दाखवत रस्त्यावर चक्कर मारली. फोनवर ६०, काट्यावर ६०. गाडी उभी केल्यावर मात्र काटा दहाच्या जवळ थांबत होता. विचारलं तर म्हणाला, "नवा गिअर आहे, बसला की खाली येईल."

काटा कधीच खाली आला नाही. उलट ३० च्या वेगाला ३५ दाखवायला लागला आणि ८० ला ७७. गिअर बदलला असता तर चूक सगळ्या वेगांना सारख्या प्रमाणात निघाली असती. हळू चालताना जास्त आणि जोरात चालताना कमी, असं तेव्हाच होतं जेव्हा कोणी डायल उघडून काटा उपटतो आणि पुढे सरकवून परत दाबतो.

पक्कं करायला रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरे पडले. २० किलोमीटरच्या दगडांमागे माझं मीटर १६.८ पुढे सरकलं. काम करायच्या आधी मी हेच मोजून ठेवलं होतं, तेव्हाही १६.८ च होतं. काटा हाताने हलवता येतो, पण किलोमीटरचे आकडे केबलच्या फेऱ्यांवरच फिरतात. मग गाडीखाली शिरून बघितलं. ट्रान्सफर केसवर केबल जिथे बसते त्या नटावर तेल आणि माती सुकून दगडासारखा थर बसलेला, पाना लागल्याची एकही खूण नाही. डॅशबोर्डवर मात्र मीटरच्या काचेची रिंग स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याचे ताजे ओरखडे. आणि पिशवीतला तो 'जुना' गिअर? त्याला तेलाचा वाससुद्धा नव्हता.

याच्या पुढचा डाव जास्त घातक आहे. किलोमीटर कमी पडतात म्हणून ॲव्हरेज कमी निघतं. माझी गाडी लिटरला १२ देत होती, पण मीटरवरून हिशेब केला की १० च्या आसपास यायचं. त्याच गॅरेजमध्ये हे बोललो तर लगेच उत्तर आलं: डिझेलचे नोझल गेलेत, पंप उतरवावा लागेल. स्वतः खोटं ठेवलेल्या मीटरच्या आधारावर चांगल्या इंजिनाचं काम काढायला निघाले होते! ऑइल बदलायचंही तसंच. मीटरवर ५,००० झाले तेव्हा प्रत्यक्षात ५,९०० च्या वर गेलेले असतात. आणि अशी गाडी पुढे विकली तर घेणाराही फसतो, कारण त्याला रनिंग कमी दिसतं.

परत गेलो तर मालक म्हणाला, "जुनी गाडी आहे, एवढं चालतंच." नट दाखवतो, गाडीखाली चला म्हटलं, तो आला नाही.

मोटरसायकलवाल्यांनीही लक्ष द्या. आमच्याकडच्या एका पोराकडे जुनी बुलेट आहे. त्याने स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलल्यावर 'मीटर सेटिंग'चे पैसे मागितले गेले. जुन्या बुलेटची केबल पुढच्या चाकातून येते, स्प्रॉकेटशी तिचा काही संबंधच नाही. तिथे पुढच्या टायरचा साइज बदलला तरच काटा चुकेल. ज्या गाड्यांत गिअरबॉक्समधून सिग्नल घेतात तिथे मात्र स्प्रॉकेटने फरक पडतो. तेव्हा पैसे देण्याआधी आपल्या गाडीचं मीटर कुठून चालतं तेवढं विचारा. उत्तर देता आलं नाही तर गाडी तिथे ठेवू नका.

माझं काम शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने केलं. त्याने माझ्यासमोर नट खोलला, गिअर पुसून दात मोजले, लागणारा गिअर मिळत नाही हे सरळ सांगितलं आणि रेशो बॉक्स टाकला. काटा काढून पुन्हा शून्यावर बसवला. आता २० किलोमीटरला मीटर १९.९ दाखवतं. बिलावर त्याने रेशोसुद्धा लिहून दिला, तसा तुम्हीही लिहून घ्या.

पहिल्या गॅरेजच्या बिलावर 'स्पीडो गिअर बदलला' असं स्पष्ट लिहिलंय. ते बिल आणि नटाचे फोटो माझ्याकडे आहेत, काम सुरू करण्याआधी दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखीही घेतलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, म्हणून ज्यांच्या गाडीचं असं काम झालंय त्यांनी आधी दगड मोजून बघा आणि बिल फेकू नका.